विचारमंथन : एका बैठकीचा इतिहास

आजचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने कचेरीतल्या मीटिंगबद्दल का बोलावं? आमचं उत्तर साधं आहे. दहा माणसं एकत्र बसली की ती एकट्या माणसापेक्षा चांगला विचार करतात का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. तो ग्रीकांनी विचारला, आपल्याकडे नैयायिकांनी विचारला, वैद्यांनीही विचारला. विसाव्या शतकात तो अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीत पुन्हा विचारला गेला, आणि तिथून जे उत्तर निघालं ते आज पुण्यापासून पालो आल्टोपर्यंत प्रत्येक ऑफिसात वापरलं जातं. इंग्रजीत त्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात, आपण विचारमंथन म्हणतो. या पद्धतीचा जन्म कसा झाला, तिची परीक्षा कशी झाली आणि त्या परीक्षेतून शिकण्यासारखं काय आहे, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्यापैकी बहुतेकांना 'ब्रेनस्टॉर्म' म्हटलं की डोक्यात उठलेलं वादळ आठवतं. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खरोखर तसाच होता. अचानक उसळणारा मानसिक क्षोभ, वेडाचा झटका. पण ज्या माणसाने ही पद्धत रूढ केली, त्याच्या मनातला 'स्टॉर्म' वेगळा होता. किल्ल्यावर चहूबाजूंनी एकदम हल्ला चढवतात ना, तो. आपल्या बखरींच्या भाषेत सांगायचं तर सुलतानढवा. एकच प्रश्न, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचं. मराठीत आपण त्याचं मंथन केलं. मंथनात घुसळण असते, दोन बाजूंनी ओढ असते, आणि अमृताच्या आधी हलाहल वर येतं. शब्द बदलला की कल्पनाही थोडी बदलते. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

त्या माणसाचं नाव ॲलेक्स ऑसबर्न. जन्म १८८८, न्यूयॉर्क. सुरुवातीला बातमीदारी केली, मग जाहिरातीच्या धंद्यात आला. १९१९ मध्ये बार्टन आणि डर्स्टाइन या दोघांबरोबर त्याने एक जाहिरात संस्था काढली. १९२८ मध्ये ती जॉर्ज बॅटन यांच्या कंपनीत मिसळली आणि बीबीडीओ हे नाव तयार झालं. ही कंपनी आजही आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी कंपनीचे दिवस बरे नव्हते, मोठी गिऱ्हाइकं सोडून जात होती. जाहिरातीच्या धंद्यात कल्पना हाच माल. तो माल कमी पडतोय असं ऑसबर्नच्या लक्षात आलं.

त्याचं निदान काय होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. आमच्या माणसांना कल्पना सुचत नाहीत, असं तो म्हणाला नाही. कल्पना सुचतात, पण सुचल्या सुचल्या मारल्या जातात, असं त्याचं म्हणणं होतं. कोणी तोंड उघडलं की शेजारचा म्हणतो, "हे पूर्वी करून झालंय", "याला पैसे कोण देणार", "साहेबांना आवडणार नाही". निर्मिती आणि न्यायनिवाडा ही मनाची दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच वेळी करायला गेलं की पहिलं काम मरतं, हा त्याचा मूळ सिद्धान्त. बैठकीचे नियम या सिद्धान्तातूनच आले.

नियम चार. पहिला, बैठक चालू असताना कोणत्याही कल्पनेवर टीका करायची नाही. दुसरा, कल्पना जितकी मोकाट तितकी चांगली, कारण भन्नाट कल्पनेला वेसण घालणं सोपं असतं, मिळमिळीत कल्पनेत जीव ओतणं अवघड. तिसरा, संख्या महत्त्वाची, ढिगाने कल्पना येऊ द्यात. चौथा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली कल्पना चढवा, दोन जोडून तिसरी करा. १९४८ मध्ये त्याने सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हे सगळं मांडलं, आणि १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या ग्रंथात त्याचं रीतसर शास्त्र केलं. १९५४ मध्ये त्याने सर्जनशील शिक्षणासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतले कारखाने, लष्कर, सरकारी खाती, सगळीकडे ही पद्धत पोचली.

आता गंमत अशी की, जगाने त्याचे चार नियम उचलले आणि बाकीचं सोडून दिलं. बाकीचं काय होतं? प्रश्न नेमका आणि एकच असावा, 'कंपनीची प्रगती कशी करावी' असा पसरट नसावा. तो लोकांना आधी कळवावा, म्हणजे ते विचार करून येतील. बैठकीनंतरही सुचलेलं गोळा करावं, कारण बऱ्याच गोष्टी रात्री झोपेतून उठल्यावर सुचतात. कल्पनांची निवड नंतर, वेगळ्या वेळी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, एकट्याने केलेल्या विचाराला गटाची बैठक ही पुरवणी आहे, पर्याय नव्हे, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं. आधी एकट्याने, मग गटात, मग पुन्हा एकट्याने, असा त्याचा क्रम होता. पण पंथ वाढला की मूळ ग्रंथ कोण वाचतो? भाविक मंडळी चार नियमांची पाटी भिंतीवर लावून मोकळी झाली.

ऑसबर्नने एक दावा मात्र बेधडक केला. सरासरी माणसाला एकट्यापेक्षा गटात बसल्यावर दुप्पट कल्पना सुचतात, असं तो म्हणाला. दावा आकड्याचा होता, म्हणजे तपासता येण्यासारखा होता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक या तिघांनी तो तपासला.

त्यांच्या प्रयोगाची रचना समजून घ्या, कारण खरी बुद्धी तिथे आहे. ९६ विद्यार्थी घेतले. त्यातल्या ४८ जणांचे चार-चारांचे १२ गट केले आणि त्यांना ऑसबर्नच्या नियमांनी एकत्र विचार करायला लावला. उरलेल्या ४८ जणांना तेच नियम सांगून वेगवेगळं, एकेकटं बसवलं. प्रश्न तेच. युरोपातले प्रवासी अमेरिकेत जास्त यावेत म्हणून काय करता येईल? माणसाच्या प्रत्येक हाताला आणखी एक अंगठा आला तर काय फायदे, काय अडचणी? विद्यार्थी वाढणार आणि शिक्षक कमी पडणार, तर काय करायचं? एवढं झाल्यावर एकेकटे बसलेल्यांच्या कागदोपत्री चौकड्या केल्या. चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, आणि एकच कल्पना दोघांना सुचली असेल तर ती एकदाच मोजली. म्हणजे तुलना एका माणसाची चार माणसांशी नव्हती. एकत्र बसलेल्या चारांची वेगळ्या बसलेल्या चारांशी होती.

हा मुद्दा आमच्या मते फार मोलाचा आहे. ऑफिसात आपण काय करतो? बैठक संपल्यावर म्हणतो, "बघा, मला एकट्याला एवढं सुचलं नसतं." बरोबर आहे, सुचलं नसतंच. पण तुलना तुमच्याशी करायची नाहीये. त्याच आठ जणांना एकेक कागद देऊन आपापल्या टेबलावर बसवलं असतं तर किती सुचलं असतं, त्याच्याशी करायची आहे. तर्कशास्त्रात यालाच आम्ही योग्य प्रतिपक्ष निवडणं म्हणतो.

निकाल काय लागला? वेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र बसलेल्या चौघांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. ऑसबर्न दुप्पट म्हणाला होता, दुप्पटच निघाली, फक्त उलट्या बाजूने. आणि हा एखादा योगायोग नव्हता. पुढच्या तीस वर्षांत वेगवेगळ्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा हेच मोजलं आणि बहुतेक वेळा निकाल हाच आला.

मग 'का' हा प्रश्न आला. पहिला संशय आळसावर. फ्रान्समध्ये माक्सिमिलियां रिंगेलमान नावाचे एक कृषी अभियंते होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती आणि १९१३ मध्ये ते निष्कर्ष छापले. एकट्याने ओढताना माणूस जितकं बळ लावतो, तितकं आठ जणांत लावत नाही. आठ जणांचा मिळून जोर अपेक्षेच्या जवळपास निम्म्यावर येतो. 'खंडोबाचा येळकोट' करताना मागचे दोघे नुसतेच ओरडतात, हे आपल्या गावकऱ्यांना ठाऊक आहे. रिंगेलमान यांनी ते मोजलं, एवढंच. बैठकीतही तसंच होतं. चौघे बोलतायत ना, मग आपण बिस्कीट खाऊ.

दुसरा संशय भीतीवर. टीका करायची नाही असा नियम केला म्हणून भीती जात नाही. तोंडाने कोणी हसलं नाही तरी भुवई हलतेच.

दोन्ही कारणं खरी आहेत. पण सर्वांत मोठं कारण तिसरंच निघालं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यातला एक प्रयोग असा. चार माणसं चार वेगळ्या खोल्यांत. कोणी कोणाला पाहत नाही, म्हणजे लाज नाही, भीती नाही. समोर फक्त दिवे. दुसरा कोणी बोलत असेल तर दिवा तसं दाखवणार, आणि तोवर आपण गप्प बसायचं. आपली पाळी मोकळी झाली की बोलायचं. बाकी काही नाही. एवढ्याने कल्पनांची संख्या धाडकन खाली आली, एकत्र बसलेल्या गटाच्या पातळीला. म्हणजे गटाचं मुख्य नुकसान करत होती ती थांबण्याची सक्ती.

का बरं? स्वतःच्या मनात डोकावून बघा. समोरचा बोलत असताना तुम्हाला काहीतरी सुचतं. आता दोन कामं करायची असतात, सुचलेलं धरून ठेवायचं आणि त्याचं ऐकायचं. धरून ठेवण्याच्या नादात नवं सुचत नाही, आणि ऐकण्याच्या नादात धरलेलं सुटतं. पाळी येईपर्यंत वाटायला लागतं, जाऊ दे, विषय पुढे गेलाय. साधा हिशेब करा. तासाभराच्या बैठकीत आठ माणसं असतील आणि सगळ्यांनी अगदी सारखा वेळ वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. उरलेली साडेबावन्न मिनिटं तो थांबलेला असतो. आणि सारखा वेळ कुठल्या बैठकीत वाटला जातो? हेच आठ जण दहा मिनिटं गप्प बसून लिहीत राहिले, तर ऐंशी मिनिटांचा विचार होतो.

आता तुम्ही विचाराल, एवढं सिद्ध झालं तर ही पद्धत बंद का पडली नाही? दोन उत्तरं आहेत. पहिलं अमेरिकेतल्या पॉल पॉलस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी दिलं. गटात बसलेल्यांना विचारलं तर ते ठामपणे सांगतात की आमचं काम जास्त झालं. मोजलं तर कमी झालेलं असतं. दुसऱ्याने सांगितलेली कल्पना थोड्या वेळाने आपलीच वाटू लागते, आणि शांततेचे क्षण जाणवत नाहीत कारण कोणी ना कोणी बोलतच असतं. आवाज होता म्हणजे काम झालं, हा भ्रम जुना आहे.

दुसरं उत्तर मात्र या पद्धतीच्या बाजूचं आहे, आणि तेही न्यायाने सांगितलं पाहिजे. १९९६ मध्ये रॉबर्ट सटन आणि अँड्र्यू हारगाडन यांनी कॅलिफोर्नियातल्या आयडिओ या वस्तुरचना करणाऱ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी म्हटलं, तुम्ही फक्त कल्पना मोजताय. पण तिथल्या बैठकांत जुन्या कामांची आठवण नव्यांपर्यंत पोचते, कोणाला काय येतं हे एकमेकांना कळतं, नवखा माणूस जुन्याचा विचार कसा चालतो ते प्रत्यक्ष पाहतो. हे फायदे प्रयोगशाळेत एकमेकांना अनोळखी असलेल्या चार विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. आम्हाला हा युक्तिवाद पटतो. फक्त एक अट. ज्यासाठी बैठक बोलावली ते आधी स्वतःशी कबूल करा. एकमेकांची ओळख हवी असेल तर जरूर गप्पा मारा. कल्पना हव्या असतील तर गप्पांवर विसंबू नका.

यावर उपाय शोधणारेही झाले. १९६८ मध्ये जर्मनीतल्या बर्न्ड रोरबाख यांनी एक साधी युक्ती छापली. सहा माणसं, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी त्या वाचून त्याखाली आपल्या तीन लिहितो. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना जमतात. कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवण्याचा ऑसबर्नचा चौथा नियमही पाळला जातो. अमेरिकेत आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डे व्हेन यांनी १९७१ च्या सुमारास दुसरी पद्धत मांडली. आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. मग रांगेने प्रत्येकाने एकेकच कल्पना सांगायची आणि ती फळ्यावर जायची. मग फक्त खुलासा विचारायचा. शेवटी प्रत्येकाने गुप्तपणे क्रम लावायचा.

जपानमध्ये जिरो कावाकिता हे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी नेपाळच्या डोंगराळ भागात बराच काळ काम केलं, पुढे १९८४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. क्षेत्रकार्यात गोळा झालेल्या हजार तुकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हा त्यांचा प्रश्न. ते एकेक नोंद एकेका चिठ्ठीवर लिहून जमिनीवर पसरत आणि चिठ्ठ्यांना आपसात गोत्र शोधू देत. आधीच खण करून त्यांत चिठ्ठ्या कोंबायच्या नाहीत. चिठ्ठ्या जवळ येतील तशी त्यांची नावं ठेवायची. आज ऑफिसांच्या भिंतींवर पिवळ्या चिकटचिठ्ठ्या दिसतात, त्यामागे हीच परंपरा आहे.

इथवर यंत्रणेचं झालं. आता माणसांकडे येऊ, कारण आपल्याकडे खरी गोम तिथे आहे. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबात 'बे ऑफ पिग्ज' इथे माणसं उतरवली आणि सपशेल तोंडघशी पडली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याभोवती त्या काळातली एकाहून एक हुशार माणसं होती. त्यातले इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांच्या मनात शंका होत्या, पण भर बैठकीत ते गप्प बसले, आणि पुढे त्याचा पश्चात्ताप त्यांनी लिहून ठेवला. मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये या प्रकाराचा अभ्यास मांडला आणि म्हटलं की एकोपा टिकवण्याच्या ओढीने गट विचार करणंच सोडून देतो. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा माणसं बरीचशी तीच होती, बैठकीची रीत मात्र बदलली होती. केनेडी स्वतः काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. कारण उघड आहे. राष्ट्राध्यक्ष खोलीत असला की सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात.

आपल्याकडे तर विचारूच नका. आम्ही जिथे शिकवत होतो अशा एका महाविद्यालयात बैठक भरली होती. विषय असा की विद्यार्थी दुपारी वाचनालयात का येत नाहीत. सुरुवातीलाच वरिष्ठ म्हणाले, "माझं मत असं की मोबाईलमुळे मुलांची वाचनाची आवडच गेलीय. आता तुम्ही मोकळेपणाने बोला." मग सगळे मोकळेपणाने मोबाईलवरच बोलले. चांगला दीड तास. वाचनालयाचा शिपाई चहा घेऊन आला आणि कप ठेवून गेला. त्याला कोणी विचारलं नाही. नंतर जिन्यात त्याने आम्हाला सांगितलं, "सर, दुपारी किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला घरी जातात. दोन तास दार बंदच असतं." इतिवृत्तात मोबाईल गेला, किल्ली गेली नाही. त्या शिपायाकडे बुद्धी होती, माहिती होती, इच्छाही होती. नव्हती ती फक्त खुर्ची.

ऑसबर्नच्या ग्रंथात एक मजेची नोंद आहे. तो म्हणतो, भारतातले हिंदू गुरू चारशेहून जास्त वर्षं अशीच पद्धत वापरतात, तिला 'प्राय-बर्शना' म्हणतात, आणि तिचा अर्थ स्वतःच्या बाहेरचा प्रश्न असा काहीसा आहे. हा शब्द या रूपात संस्कृत नव्हे, हे आपल्यापैकी शाळेत संस्कृत घेतलेला कोणीही सांगेल. त्यामागे 'प्रश्न' हा शब्द दडलेला दिसतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'परिप्रश्न' असा शब्द येतो, सर्व बाजूंनी विचारणं या अर्थाचा, आणि तो ध्वनीने जवळचा वाटतो. काही उत्साही मंडळी एवढ्यावरून म्हणतात की ब्रेनस्टॉर्मिंगही आपणच शोधलं. आम्ही त्या वाटेला जाणार नाही. गुरूला नम्रपणे विचारलेला प्रश्न आणि जाहिरात कंपनीतली कल्पनांची रास, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पण आपल्या परंपरेत एकत्र विचार करण्याचं शास्त्र जरूर आहे, आणि ते ऑसबर्नच्या पहिल्या नियमाला पूरक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात वैद्यांनी वैद्यांशी चर्चा कशी करावी ते सांगितलंय. चर्चेने ज्ञान वाढतं, शंका फिटतात, आणि एक फायदा तर फारच मार्मिक आहे. गुरूने गुप्त म्हणून सांगितलेलं रहस्यही वादाच्या भरात समोरचा बोलून जातो, आणि ते आपल्याला फुकट मिळतं! चर्चा दोन प्रकारची, संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा, म्हणजे सलोख्याची आणि झुंजीची. सलोख्याच्या चर्चेत निर्धास्त बोलावं, निर्धास्त विचारावं, हरण्याची भीती बाळगू नये, आणि जिंकलो म्हणून फुशारकी मारू नये. इतकंच नव्हे, समोरची सभा जाणत्यांची आहे की अजाणांची, मित्रभावाची, तटस्थ की वैरभावाची, हे आधी पारखावं असंही चरक सांगतो. न्यायसूत्रांनी आणखी बारीक भेद केला. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. आपण रोजच्या मराठीत वितंडवाद म्हणतो, तो इथून आला.

आता हे बघा. ऑसबर्नला टीका नको होती, कारण त्याच्या ऑफिसात जल्प आणि वितंडा माजली होती. पण ती हाकलताना त्याने वादालाही दाराबाहेर ठेवलं. २००४ मध्ये शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्स या दोन देशांतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांना टीका करू नका असं सांगितलं, काहींना उलट, वाद घाला, हवी तर टीकाही करा असं सांगितलं. वाद घालणाऱ्या गटांना कल्पना कमी सुचल्या नाहीत, उलट थोड्या जास्तच सुचल्या. नैयायिकांना याचं आश्चर्य वाटलं नसतं. प्रश्न टीका असण्या-नसण्याचा नव्हताच. टीका कल्पनेवर आहे की माणसावर, आणि ती सत्यासाठी आहे की वरचढ ठरण्यासाठी, हा प्रश्न होता. मंथन हा आपला शब्द म्हणूनच आम्हाला आवडतो. घुसळण हवी, फक्त दोर दोन्ही बाजूंनी ओढला गेला पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांना सोमवारी कुठली ना कुठली बैठक चालवायची असेल. या साऱ्या इतिहासातून त्यांच्या हाती काय द्यावं?

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि दोन दिवस आधी द्या. त्या प्रश्नाशी ज्याचा रोज हात लागतो त्याला बोलवा, मग त्याचा हुद्दा काहीही असो. माणसं सहा-सातपेक्षा जास्त नकोत. पहिली दहा मिनिटं कोणी बोलणार नाही, सगळे लिहितील, साहेबसुद्धा. मग रांगेने एकेक कल्पना फळ्यावर, कोणाची हे न लिहिता. सुरुवात सर्वांत कनिष्ठ माणसापासून, आणि साहेबांचं मत सर्वांत शेवटी. शेवटपर्यंत थांबवत नसेल तर साहेबांनी खुशाल बाहेर चहा घ्यावा, केनेडींनाही ते जमलं होतं. कल्पना जमेपर्यंत निवाडा नाही, पण जमल्यावर वाद जरूर, आणि तो मनापासून. निवड दुसऱ्या दिवशी. आणि ज्यांच्या कल्पना घेतल्या नाहीत त्यांना का घेतल्या नाहीत हे सांगा. हे शेवटचं कोणी करत नाही, आणि म्हणूनच पुढच्या खेपेला लोक बिस्कीट खात बसतात.

यात खर्च एका कागदाचा आणि पेन्सिलीचा आहे. अडचण पैशाची नाहीच, सवयीची आहे. आपल्याकडे बोलण्याचा हक्क वयाने, हुद्द्याने, जातीने, पुरुष असण्याने वाटला गेला, आणि ती वाटणी बैठकीच्या टेबलाभोवती अजून बसलेली असते. विचारमंथन या गोड शब्दाखाली ती झाकली जाते, एवढंच. कागदावर लिहून घेण्याची ही क्षुल्लक वाटणारी युक्ती त्या वाटणीला पहिल्यांदा हात घालते, कारण कागदाला लिहिणाऱ्याचा आवाज चढा की दबका हे कळत नाही. बैठक चांगली झाली का, हे ठरवायला आम्ही आता एकच कसोटी लावतो. जो माणूस एरवी बोलला नसता, त्याच्याकडची गोष्ट इतिवृत्तात आली का? आली असेल तर तासाचं सार्थक झालं.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर विचारा, पण आज आधी दोन मिनिटं ते कागदावर लिहा. मागच्या रांगेतल्यांपासून घेऊ.